तांबेरा आणि खपली गहूं : रोगास दाद न देणारें बीं

गव्हाच्या पिकावर जीं संकटें येतात त्यांत तांबेऱ्यासारखें कपटी संकट दुसरें नाहीं. अवर्षण आधींच दिसूं लागतें, टोळधाडीची वर्दी पुढें येते. पण तांबेरा येतो तो पीक डोळ्यांत भरत असतांना. ओंब्या बाहेर पडलेल्या असतात, शेतकरी मनांत उताऱ्याचा हिशेब करीत असतो, आणि एके सकाळीं पाणी वळवून बाहेर येतांना कपड्यांना गेरूसारखी पूड लागलेली दिसते. पुढें पंधरा-वीस दिवसांत काड काळवंडतें व खळ्यावर जो दाणा येतो तो बारीक व चिरमटलेला. वाऱ्यावर धरला कीं बराचसा भुसाबरोबर निघून जातो.

प्रस्तुत लेखक शेतकी विद्यालयांत शिकलेला नाहीं. महसूल खात्यांत पीकपाहणीचे तक्ते व पैसेवारीचे कागद लिहिण्यांत त्याची उमर गेली. परंतु एकाच गांवांत, एकाच बांधाला लागून असलेल्या दोन शेतांपैकीं एक तांबेऱ्यानें बसावें व दुसरें उभें राहावें, असें कां होतें, हा प्रश्न पैसेवारी ठरवितांना ज्याच्यासमोर आला नाहीं असा कारकून विरळा. या प्रश्नाचें उत्तर शास्त्रज्ञांनीं गेल्या सव्वाशें वर्षांत टप्प्याटप्प्यानें शोधून काढलें आहे. त्या उत्तरांत आपल्या दख्खनच्या खपली गव्हाला मानाचें स्थान आहे. तें आपल्या शेतकरी बंधूंस ठाऊक असावें, म्हणून हा लेख.

रोग कोठून येतो

गव्हावर तांबेरा तीन प्रकारचा येतो. खोडावर येणारा काळा, पानावर येणारा नारिंगी किंवा तपकिरी, आणि पानाच्या शिरांना धरून रांगेनें येणारा पिवळा. पिवळ्याला थंडी फार लागते; त्यामुळें तो उत्तरेकडे व डोंगराळ मुलखांत त्रास देतो. आपल्याकडे भीति पहिल्या दोहोंची, व त्यांतहि काळ्याची अधिक. हे तिन्ही रोग सूक्ष्म बुरशीमुळें होतात. ही बुरशी जिवंत पिकावरच जगते. मेलेल्या पाल्यावर तिचें पोट भरत नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभें आहे.

नर्मदेच्या खोऱ्यांतील तांबेऱ्याचें वर्णन स्लीमन या इंग्रज अंमलदारानें १८४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत केलें आहे. पुढें १९४६-४७ च्या हंगामांत मध्य हिंदुस्थानांत काळ्या तांबेऱ्यानें असा कहर केला कीं, सुमारें २० लक्ष टन गव्हाची हानि झाल्याचा अंदाज नमूद आहे. अन्नधान्याच्या टंचाईचे ते दिवस होते. तेव्हां या आंकड्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

उन्हाळ्यांत आपल्या मैदानांत गहूं नसतो व उष्णता इतकी असते कीं तांबेऱ्याचे बीजकण जगत नाहींत. मग दर वर्षीं रोग येतो कोठून? विलायतेंत व अमेरिकेंत बार्बेरी नांवाच्या झुडुपावर काळा तांबेरा आपल्या आयुष्याचा एक भाग काढतो, हें डी बारी या जर्मन पंडितानें १८६५ सालीं दाखविलें होतें. आपल्याकडेहि तसेंच असेल असा समज होता. आग्रा येथील प्राध्यापक करमचंद मेहता यांनीं वर्षानुवर्षे डोंगर व मैदानें धुंडाळून तो समज दूर केला. हिंदुस्थानांत बार्बेरीचा या कामीं कांहीं संबंध नाहीं. उत्तरेस हिमालयाच्या व दक्षिणेस निलगिरी-पळणीच्या थंड डोंगरांत गव्हाचीं रोपें उन्हाळ्यांतहि उभीं असतात, त्यांवर रोग तग धरतो, आणि वाऱ्याबरोबर बीजकण खालीं मैदानांत उतरतात, असें त्यांनीं सिद्ध केलें. पुढें १९७० नंतरच्या दशकांत बंगालच्या उपसागरांतील वादळांचा माग काढून निलगिरीवरील बीजकण मध्य हिंदुस्थानापर्यंत कसे पोंचतात हेंहि दाखविण्यांत आलें. तात्पर्य, शेजाऱ्याचा बांध स्वच्छ ठेवून हा रोग टळत नाहीं. तो शेंकडों कोसांवरून येतो. त्याला अडविणारी भिंत बियाण्यांतच असावी लागते.

रोगप्रतिकार हा वंशपरंपरागत गुण आहे

मेंडेल या ऑस्ट्रियांतील साधूनें वाटाण्यावर प्रयोग करून आनुवंशाचे नियम १८६६ सालीं प्रसिद्ध केले. जगानें त्यांची दखल घेतली ती १९०० सालीं. त्यानंतर पांचच वर्षांनीं, १९०५ सालीं, केंब्रिज येथील बिफेन यांनीं हे नियम गव्हाच्या पिवळ्या तांबेऱ्यास लावून पाहिले. रोगास लवकर बळी पडणारा एक गहूं व रोगास दाद न देणारा दुसरा, यांचा त्यांनीं संकर केला. पहिल्या पिढींतील सर्व रोपें रोगट निघाली. अधीर माणसानें तीं उपटून टाकलीं असतीं. बिफेन यांनीं त्यांचेंच बीं पुन्हां पेरलें, तेव्हां दुसऱ्या पिढींत दर चार रोपांमागें सुमारें तीन रोगट व एक निरोगी असें प्रमाण पडलें. अर्थात् पहिल्या पिढींत गुण नाहींसा झाला नव्हता, झांकला गेला होता. घराण्यांतील आजोबांचे निळे डोळे मुलांत न दिसतां नातवांत दिसावे, तसा हा प्रकार.

पुढील संशोधनांत असेंहि दिसलें कीं, बहुतेक तांबेराविरोधी गुण याच्या उलट वागतात. म्हणजे ते पहिल्याच पिढींत प्रगट होतात. परंतु मुख्य गोष्ट कायम राहिली. रोगप्रतिकार हा जमिनीचा किंवा दैवाचा प्रताप नसून बियाण्यांतील ठराविक घटकांचें कार्य आहे. या घटकांस आज जनुक म्हणतात.

रोगाच्याहि जाती असतात

एवढ्यानें काम भागलें असतें तर एक चांगलें वाण काढून शास्त्रज्ञ घरीं बसले असते. पण एका प्रांतांत निरोगी राहणारा गहूं दुसऱ्या प्रांतांत बळी पडूं लागला. याचें कारण अमेरिकेंतील मिनेसोटा येथील स्टॅकमन यांनीं उलगडलें. काळा तांबेरा डोळ्यांस एकच दिसला तरी त्याच्या पोटजाती अनेक आहेत; आणि एक पोटजात ज्या गव्हावर चालते त्यावर दुसरी चालेलच असें नाहीं. या पोटजाती ओळखण्यासाठीं स्टॅकमन व त्यांचे सहकारी लेव्हीन यांनीं १९२२ सालीं बारा गव्हांची एक मालिका ठरविली. नवा तांबेरा सांपडला कीं या बारांवर सोडावयाचा. कोणता गहूं बळी पडतो व कोणता टिकतो यावरून रोगाची जात ठरवावयाची. त्या बारांत एक नांव होतें खपली! सांगली-कोल्हापूरकडील माणूस ज्याची खीर करतो तो गहूं जगांतील तांबेऱ्याची परीक्षा घेणाऱ्या पंचांत जाऊन बसला.

रोग व पीक यांचें हें नातें पुढें फ्लोर यांनीं नॉर्थ डाकोटा येथें जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून १९४० नंतरच्या दशकांत स्पष्ट केलें. त्यांचें म्हणणें असें : पिकांत प्रतिकाराचा जितका जनुक, तितकाच त्याचा जोडीदार जनुक रोगांत असतो. दोन्ही समोरासमोर आले तरच पीक वांचतें. हें समजण्यास आपल्या जुन्या गांवगाड्यांतील जागल्याचें उदाहरण चांगलें. जागल्या चोरास अडवितो, पण तो त्याला ओळखत असला तरच. पिकांतील प्रत्येक प्रतिकार-जनुक हा एक जागल्या आहे व त्याला एकाच चोराची खूण पटते. चोरानें ती खूण टाकून दिली, म्हणजे रोगाच्या जनुकांत बदल झाला, कीं जागल्या जागा असूनहि चोर वेशींतून आंत शिरतो. वाण जुनें झालें, बीं बिघडलें असें आपण म्हणतों. पुष्कळदां बीं तसेंच असतें, चोर बदललेला असतो.

पिकाच्या आंत काय घडतें

तांबेऱ्याचा बीजकण दंवाच्या ओलीनें रुजतो व पानाच्या किंवा खोडाच्या श्वासरंध्रांतून आंत शिरतो. पेशींत नळी खुपसून तो अन्न ओढतो, आणि पिकाला बेसावध ठेवण्यासाठीं कांहीं द्रव्यें पेशींत सोडतो. पिकास डोळे नाहींत, रक्त नाहीं. तरीहि त्याच्यापाशीं दोन पहारे असतात. पहिला पेशीच्या वेशीवर असतो. बुरशीच्या अंगाचे तुकडे लागतांच तो सावध होतो, पण त्याची ओळख ढोबळ असते. दुसरा पहारा पेशीच्या आंत असतो व तोच वर सांगितलेला जागल्या. हीं प्रथिनें रोगानें सोडलेल्या विशिष्ट द्रव्याला ओळखतात. १९०५ सालीं जो गुण केवळ प्रमाणावरून ओळखला गेला, त्यामागील प्रथिनांची प्रत्यक्ष रचना आतां पाहतां येऊं लागली आहे. गव्हांतील अशा एका जागल्याचें चित्र २०२२ सालीं प्रसिद्ध झालें. रोगाचें द्रव्य येऊन चिकटलें कीं पांच प्रथिनें एकत्र येऊन चक्र बनवितात.

हा इशारा होतांच कांहीं मिनिटांत पेशींत कॅल्शियमचा लोंढा येतो, प्राणवायूचीं तीव्र रूपें तयार होतात, व जेथें रोग शिरला ती पेशी व तिच्या भोंवतालच्या कांहीं पेशी आपण होऊन मरतात. गांवांत आग लागली असतां मधलीं दोन छपरें पाडून ती तोडतात, तसाच हा उपाय. तांबेरा जिवंत पेशींवरच जगणारा असल्यानें मेलेल्या पेशींच्या वेढ्यांत तो उपाशी मरतो. निरोगी म्हणविणाऱ्या गव्हावर बारीक पांढुरके ठिपके दिसतात ते या लढाईचे. ते पाहून शेतकऱ्यानें घाबरूं नये. जेथें ठिपका फुटून पूड बाहेर पडते तेथें मात्र रोग जिंकला असें समजावें.

खालच्या पानावरील लढाईची वार्ता वरच्या पानांसहि पोंचते. तंबाखूच्या एका पानावर विषाणूचा रोग लावला असतां त्याच झाडाचीं इतर पानें पुढील हल्ल्यास अधिक तोंड देतात, हें रॉस यांनीं १९६१ सालीं दाखविलें. १९७९ सालीं विलायतेंतील व्हाइट यांनीं तंबाखूस ॲस्पिरिन दिलें असतां तसाच परिणाम दिसला. ॲस्पिरिन ज्या सॅलिसिलिक आम्लापासून करतात, तें आम्ल पीक स्वतःच तयार करतें व इशाऱ्याच्या कामीं वापरतें, हें त्यानंतर स्पष्ट झालें.

हें वाचून कोणीं शेतावर डोकेदुखीच्या गोळ्या शिंपडूं नयेत. जें पीक सदोदित धोक्याच्या इशाऱ्यावर राहतें त्याची वाढ खुंटते; रात्रंदिवस पहारा करणाऱ्या गांवांत शेतें कोण कसणार? शिवाय पिकाच्या अंगांत इशारे अनेक आहेत. अळीनें पान कुरतडलें तर जॅस्मोनिक आम्लाचा इशारा उठतो, पाण्याचा ताण पडला तर ॲब्सिसिक आम्लाचा. हे इशारे पुष्कळदां एकमेकांस दाबतात. उष्णतेचाहि परिणाम होतो. एस्आर ६ नांवाचा तांबेराविरोधी जनुक थंड हवेंत उत्तम काम करतो, पण उष्मा पंचवीस अंशांच्या घरांत गेला कीं ढिला पडतो. खपलींत असलेला एस्आर १३ हा जनुक याच्या उलट, उबदार हवेंत अधिक जोमानें काम करतो. एकाच वाणाची कीर्ति एका तालुक्यांत चांगली व दुसऱ्यांत वाईट कां, याचें एक कारण येथें सांपडतें.

खपलीचें देणें

खपली हा आपल्या नेहमींच्या गव्हाहून निराळा. नेहमींच्या गव्हांत बेचाळीस गुणसूत्रें असतात, खपलींत अठ्ठावीस. मळणी केली तरी दाणा टरफलांतून सुटत नाहीं. तो कांडून काढावा लागतो. दोहोंचा संकर केला असतां पहिल्या पिढीस पुरतें बीं धरत नाहीं, व पुन्हां नेहमींच्या गव्हाशीं संकर करीत जावें लागतें. एवढी खटपट करूनहि ऑस्ट्रेलियांत वॉटरहाऊस यांनीं खपली व तेथील स्टाईनवेडेल गहूं यांचा संकर साधला. दोहोंचीं नांवें जोडून त्यास खॅपस्टाईन म्हणूं लागले. खपलींतील एस्आर १३ व एस्आर १४ हे जनुक अशा मार्गानें जगाच्या संशोधनांत आले. पैकीं एस्आर १३ हा जनुक २०१७ सालीं वेगळा काढून त्याची अक्षर न् अक्षर ओळख करून घेण्यांत आली; तो इथिओपियांतील जुन्या गव्हांतहि आहे.

त्या ओळखीस एवढें महत्त्व कां आलें? १९९८ सालीं युगांडांत काळ्या तांबेऱ्याची एक नवी जात सांपडली. तिला यूजी ९९ म्हणतात. राय नांवाच्या धान्यापासून गव्हांत आणलेल्या एस्आर ३१ या एकट्या जनुकावर त्या वेळीं अनेक देशांतील गहूं विसंबून होता, आणि नेमका तोच जागल्या या चोरास ओळखीना. हा रोग पुढें येमेनमध्यें व २००७ सालीं इराणांत आढळला. एस्आर १३ मात्र या घराण्यांतील रोगांस दाद देत नाहीं. तथापि खपलीचा अभिमान बाळगतांनाहि सत्य सांगितलें पाहिजे : एस्आर १३ ला न जुमानणारी तांबेऱ्याची दुसरी जात इथिओपियांत आढळून आली आहे. एकटा जागल्या, मग तो कितीहि खंबीर असो, कायमचा पुरत नाहीं.

आपल्याकडील अनुभवहि हाच. केनियांतील गहूं व निफाडचा गहूं यांच्या संकरांतून केनफड वाणें झालीं. दिल्लीच्या संस्थेंत पाल यांनीं तिन्ही तांबेऱ्यांस तोंड देणारा एनपी ८०९ हा गहूं १९५४ सालीं दिला. हरितक्रांतींतील कल्याणसोना हा गहूं घरोघर गेला, आणि एकच वाण सर्वत्र झाल्यावर थोड्याच वर्षांत पानावरील तांबेऱ्याच्या भक्ष्यस्थानीं पडला.

म्हणून आतां संशोधकांचा कल दुसऱ्या तऱ्हेच्या जनुकांकडे आहे. एस्आर २ व एल्आर ३४ हे जनुक रोगास वेशींतच ठार करीत नाहींत. ते त्याची चाल मंद करतात. शेतांत थोडा तांबेरा दिसतो, पण ओंबी भरेपर्यंत तो डोकें वर काढूं शकत नाहीं. एस्आर २ हाहि खपलीच्याच गोतांतील एका रशियन गव्हापासून मॅकफॅडन या अमेरिकन गृहस्थानें आणला. असे मंद चालीचे जनुक अनेक दशकें टिकले आहेत. दोन-तीन मंद व दोन-तीन जलद जनुक एका वाणांत गोंवणें, हें आजचें धोरण होय.

कागदावर न दिसणारा ठेवा

येथें महसूल खात्यांतील माणसास एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. पीकपाहणींत आम्ही सात-बाराच्या उताऱ्यावर "गहूं" एवढेंच लिहीत असूं. तो खपली, बन्सी कीं सरबती, हें विचारण्याचा रिवाज नव्हता. क्षेत्र बरोबर, आकार बरोबर, सही बरोबर; पण गांवांतून खपलीचा शेवटचा वाफा गेला त्या वर्षींहि उताऱ्यावरील शब्द तोच राहिला. जें कागदावर आलेंच नाहीं तें गेल्याचीहि नोंद होत नाहीं. खपलीस पाणी व दिवस अधिक लागतात, ती कांडण्याचा खर्च पडतो. त्यामुळें शेतकऱ्यानें ती सोडली तर त्यास दोष देतां येत नाहीं. परंतु अशा प्रत्येक जुन्या बियाण्याबरोबर कांहीं जागले गांव सोडून जातात, व ते कोणत्या चोरास ओळखत होते हें मागाहून कळण्यास मार्ग उरत नाहीं.

सुदैवानें खपली अद्याप नाहींशी झालेली नाहीं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचें एमएसीएस २९७१ व धारवाडचें डीडीके १०२५ हीं खपलीचीं सुधारलेलीं वाणें उपलब्ध आहेत. शहरांत या गव्हास अलीकडे मागणीहि आली आहे.

शेतकऱ्यांनीं काय करावें

(१) सर्व क्षेत्र एकाच वाणाखालीं आणूं नये. दोन भिन्न वंशाचीं वाणें घ्यावींत. एक बसलें तर दुसरें उभें राहतें.

(२) रोगप्रतिकारक म्हणून घेतलेलें वाण जन्मभर तसेंच राहील असें मानूं नये. त्यावर पूड दिसूं लागली कीं पुढील हंगामापूर्वीं कृषि विद्यापीठाची शिफारस पाहावी.

(३) बागायत गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पूर्वार्धांत उरकावी. काळ्या तांबेऱ्यास ऊब लागते; उशिरा पेरलेला गहूं दाणा भरण्याच्या वेळीं नेमका त्याच्या तावडींत सांपडतो.

(४) नत्रखताचा अतिरेक टाळावा. लुसलुशीत पिकावर तांबेरा लवकर पसरतो.

(५) पहिले ठिपके दिसतांच गांवांतील इतरांस व कृषि सहाय्यकास कळवावें. रोग वाऱ्यानें फिरतो. एकाची खबर दहांच्या उपयोगी पडते. औषध फवारावयाचें तें शिफारशीच्या प्रमाणांतच.

(६) ज्यांच्या घरीं जुनी खपली किंवा बन्सी आहे त्यांनीं निदान एक वाफा दर वर्षीं राखावा, व बीं टरफलासह कोरडें ठेवावें. अशा शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यान्वयें करतां येते. आपल्या मंडळानें त्या कामीं सभासदांस साहाय्य करावें अशी सूचना आहे.

(७) वहींत "गहूं" एवढेंच न लिहितां वाणाचें नांव, बीं कोठून आणलें, व तांबेरा कोणत्या आठवड्यांत दिसला, एवढ्या तीन गोष्टी टिपून ठेवाव्या. पांच वर्षांची अशी वही शास्त्रज्ञासहि उपयोगी पडेल.

बियाण्यांत असलेला गुण विकत आणलेल्या औषधासारखा दर वर्षीं पैसे मागत नाहीं. तो वडिलोपार्जित आहे, व वडिलोपार्जित वस्तूप्रमाणेंच राखला तर वाढतो, दुर्लक्षिला तर जातो. निलगिरीवरून वारा याहि वर्षीं सुटेल. तो आपल्या शिवारांत पोंचेल तेव्हां तेथें कोणते जागले उभे असावेत, हें ठरविण्याची वेळ पेरणीपूर्वींची आहे; तेवढें शेतकरी बंधूंनीं लक्षांत घ्यावें.